पायपीआयचं ट्रस्टेड पब्लिशिंग: टोकन सांभाळायची कटकट गेली, बाकीची तुमची तुमच्यापाशी

पायथॉनचं पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथॉनच्या पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारावर, टाकणाऱ्या कुणालाही माझं एकच सांगणं आहे, अजून टोकन (पासवर्डसारखी किल्ली) वापरून राहिले असाल तर या शनिवारी थोडा वेळ काढा आणि ट्रस्टेड पब्लिशिंग लावून टाका. माझ्याकडून 5 पैकी साडेचार स्टार. अर्धा काहून कापला ते पुढे येईलच, आणि तो अर्धा काही फुकट कापलेला नाही.

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे हा रिव्ह्यू कुठून येऊन राहिला ते समजेल. राहतो नागपूरला, नोकरी परसोडीच्या आयटी पार्कात, आणि उरलेल्या वेळात अमरावतीच्या एका मित्रासोबत एक बारकं ओपन सोर्स पॅकेज चालवतो. काम त्याचं एवढंच की जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये बदलून द्यायचा. शिवाजी फॉन्ट, श्रीलिपी आणि त्यांची सगळी भावंडं, ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं टायपिंग केलंय त्यांच्या हार्ड डिस्का अजून त्यानंच भरलेल्या आहेत. आमचे वापरणारे म्हणजे कुणी मोठी कंपनी नाही, सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आजूबाजूचे टायपिंगवाले, महालातले दोनचार डीटीपीवाले, असे लोक, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या तरी पोरानं पिपनं (पायथॉनची पॅकेजं उतरवून लावणारं टूल) ते इन्स्टॉल करून एक छोटी खिडकी बनवून दिलेली. म्हणजे रिलीज बिघडला की इश्यू-बिश्यू कुणी टाकत नाही, सरळ फोन येतो.

तर आधी काय होतं ते. पायपीआयवर पॅकेज टाकायला पूर्वी युजरनेम-पासवर्ड चालायचा, मग एपीआय टोकन आले, आणि 1 जानेवारी 2024 पासून टू-फॅक्टर सगळ्यांनाच सक्तीचं झालं. टोकन म्हणजे एक लांबलचक अक्षरांची माळ, ती एकतर तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट पायपीआयआरसी नावाच्या फाईलीत पडलेली असते, नाहीतर गिटहबच्या (कोड ठेवायची साइट) सीक्रेट्समध्ये, म्हणजे गुप्त गोष्टींच्या कप्प्यात. तिला एक्सपायरी नाही. ज्याच्या हाती पडली तो तुमच्या नावानं नवीन आवृत्ती टाकू शकतो, आणि ज्यांनी ज्यांनी अपग्रेड केलं त्यांच्या मशीनवर त्याचा कोड चालू शकतो, विषय संपला.

पण खरी भानगड चोरीची नसते, निदान मी पाहिलेली तरी नाही. मी आधी ज्या कंपनीत होतो (नाव राहू द्या) तिथं एकच टोकन होतं, अख्ख्या अकाउंटचं, म्हणजे सगळ्या पॅकेजांना चालणारं. ते ज्यानं बनवलं तो माणूस कधीचाच पुण्याला गेला होता. टोकन कुठंकुठं पेस्ट केलंय ते कुणालाच ठाऊक नाही, एका बिल्ड सर्व्हरवर आहे, कुणाच्या तरी लॅपटॉपवर असेल, एका जुन्या चॅटमध्ये तर मी स्वतः पाह्यलं होतं. सगळ्यांना माहीत की हे बदलायला पाहिजे, आणि बदलायला कुणी तयार नाही, कारण बदललं की काय काय बंद पडेल याचा अंदाजच नाही. भाड्याच्या घराचं कुलूप असतं ना, आधीच्या चार भाडेकरूंकडे किल्ल्या असतात पण कुलूप बदलायचा खर्च कुणी करत नाही, डिट्टो तसं.

आता ट्रस्टेड पब्लिशिंग. एप्रिल 2023 मध्ये पायपीआयनं हे सगळ्यांसाठी उघडलं. कल्पना अशी की टोकन तुमच्यापाशी ठेवायचंच नाही. पायपीआयवर तुमच्या प्रोजेक्टच्या पब्लिशिंगच्या पानावर जायचं, एक फॉर्म आहे, त्यात चार खाने: गिटहबवरचा मालक कोण, रिपॉझिटरीचं (कोडच्या फोल्डरचं) नाव, वर्कफ्लोच्या (आपोआप चालणाऱ्या पायऱ्यांच्या) फाईलीचं नाव, आणि एन्व्हायर्नमेंटचं नाव. चौथा खाना ऐच्छिक आहे असं तिथं लिहिलेलं असतं, त्यावर मी खाली बोलतो. बस्स, पायपीआयच्या बाजूनं काम झालं.

मग रिलीजच्या वेळी होतं काय, तर गिटहबच्या मशीनवर तुमचा वर्कफ्लो चालू होतो, गिटहब त्याला एक सही केलेलं ओळखपत्र देतं की बाबा हा अमुक रिपॉझिटरीचा, अमुक फाईलीतून, अमुक टॅगवरून (आवृत्तीच्या खुणेवरून) चाललेला वर्कफ्लो आहे. ते ओळखपत्र पायपीआयला दाखवायचं, पायपीआय सही तपासतं, फॉर्ममधल्या माहितीशी ताडून पाहतं, आणि जुळलं तर 15 मिनिटं चालणारं टोकन देतं. त्यात अपलोड उरकायचं. पुढच्या रिलीजला नवीन. ओळखपत्राची ही पद्धत म्हणजे ओपनआयडी कनेक्ट, क्लाउडवाले आधीपासून वापरतच होते, पायपीआयनं ती इकडे आणली. आणि चांगली गोष्ट असेल तर पसरतेच, रुबीजेम्सनं 2023 च्या शेवटी आणली, रस्टच्या क्रेट्सनं आणि एनपीएमनं 2025 मध्ये. म्हणजे पायथॉन तुमचं नसलं तरी इथलं बरंचसं तुम्हाला लागू आहे.

सेटअप सोपा आहे का? बराचसा. अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. फॉर्ममध्ये वर्कफ्लोच्या फाईलीचं नुसतं नाव टाकायचं असतं, फोल्डरसकट पूर्ण पत्ता नाही. फाईलीचं नाव उद्या बदललं तर इकडे फॉर्मही बदलावा लागतो, नाहीतर अपलोड नाकारलं जातं. आणि वर्कफ्लोमध्ये आयडी-टोकनला राइट परमिशन द्यावी लागते, ती लोक सगळ्यात वर, अख्ख्या फाईलीला देऊन टाकतात. तसं नका करू, फक्त पब्लिशच्या जॉबला (वर्कफ्लोच्या त्या टप्प्याला) द्या. बिल्डचा जॉब वेगळा, पब्लिशचा वेगळा. कारण बिल्ड करताना दहा ठिकाणची लायब्ररी येऊन चालते, त्यातली एखादी बिघडलेली निघाली तर तिच्या हाती ओळखपत्र मागायची ताकद कशाला द्यायची? बिल्डच्या जॉबनं व्हील आणि एसडिस्ट (पॅकेजच्या अपलोड करायच्या फाईली) बनवून आर्टिफॅक्ट म्हणून ठेवायचं, पब्लिशच्या जॉबनं ते उचलून वर टाकायचं, त्याला दुसरं काही कामच नाही पाहिजे.

एक कौतुक करायलाच पाहिजे. काही जुळलं नाही तर 'इनव्हॅलिड पब्लिशर' असा एरर येतो आणि त्याच्या खाली ओळखपत्रात नेमकं काय काय लिहून आलं होतं ते सगळं छापलेलं असतं, रिपॉझिटरी काय, फाईल काय, एन्व्हायर्नमेंट काय. फॉर्म शेजारी उघडा, एकेक ओळ जुळवा, फरक दिसतोच. बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंटचं नाव एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कोरं, एवढंच असतं. एरर असा लिहायचा असतो राजेहो, नाहीतर आपल्याकडे 'समथिंग वेंट राँग' लिहून मोकळे होतात.

अगदी नवीन पॅकेज असेल, म्हणजे पायपीआयवर अजून नावच नाही, तरी 'पेंडिंग पब्लिशर' म्हणून आधीच फॉर्म भरता येतो. फक्त हे ध्यानात ठेवा की त्यानं नाव राखून ठेवलं जात नाही. तुम्ही फॉर्म भरून महिनाभर बसून राहिले आणि मधल्यामध्ये दुसऱ्यानं त्या नावानं पॅकेज टाकलं तर नाव त्याचं.

आता एन्व्हायर्नमेंट. माझ्या मते सगळा माल इथं आहे आणि लोक नेमका हाच खाना कोरा सोडतात. गिटहबवर रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये एक एन्व्हायर्नमेंट बनवा, तिला रिव्ह्यूअर लावा, पब्लिक रिपॉझिटरीला हे फुकट आहे. म्हणजे टॅग पुश केला, बिल्ड झालं, टेस्ट झाल्या, आणि पब्लिशचा जॉब थांबून राहतो, कुणीतरी माणसानं 'अप्रूव्ह' दाबेपर्यंत. स्वतःच्या रिलीजला स्वतःच हो म्हणता येऊ नये असाही एक पर्याय आहे, आम्ही तो लावून ठेवलाय. टॅग मी मारला तर अमरावतीवाला दाबतो, त्यानं मारला तर मी. मोबाईलवरून होतं, लॅपटॉप उघडायची गरज नाही, मे महिन्यात दुपारी कूलरसमोरून उठायची ज्याला इच्छा नसते त्यालाच याची खरी किंमत कळेल.

आणि हे नुसतं सोयीचं नाही. अप्रूव्ह दाबायच्या आधी समोरचा माणूस चेंजलॉग वाचतो. वाचायलाच लागतो, कारण नोटिफिकेशन आलं की तो विचारतो, "काय आहे बे यात?" आमच्याकडे अर्धे बग इथंच सापडतात. टोकनच्या काळात मी रात्री एकटाच बसून ट्वाइन अपलोड (हातानं अपलोड करायची कमांड) मारायचो आणि सकाळी त्याला समजायचं की रिलीज झाली.

तरीबी निसटतंच. मध्यंतरी एका नवीन कॉन्ट्रिब्युटरचा पॅच घेतला, टेस्ट सगळ्या हिरव्या, दोघांनी पाहिला, रिलीज गेली. दुसऱ्या दिवशी महालातल्या काकांचा फोन. "अहो भाऊ, ते तुमचं 'शेतकऱ्यांच्या' चं 'शेतकर्यांच्या' करून राहिलं ना." ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी, 'ऱ्या' मधला तो चंद्रकोरीसारखा र मराठीत लागतो, हिंदीवाल्यांना लागत नाही, त्यामुळं हिंदी तक्त्यावरून बनवलेल्या मॅपिंगमध्ये त्याचा हमखास रफार होऊन डोक्यावर चढतो. आणि विदर्भातल्या डीटीपीवाल्याच्या फाईलीत शेतकऱ्यांचा उल्लेख नाही असं पान सापडायचं नाही. म्हणजे एकूण एक पान बिघडलेलं.

आता इथं पायपीआयचा एक नियम समजून घ्या, कारण तो नवीन लोकांना फार चावतो. एकदा अपलोड झालेल्या फाईलीचं नाव परत वापरता येत नाही. कधीच नाही. डिलीट केली तरी त्याच नावाची फाईल पुन्हा टाकता येत नाही. म्हणजे 'चुपचाप दुरुस्त करून त्याच नंबरवर चढवून देऊ' हा आपला आवडता उपाय इथं चालत नाही, आणि न चालणंच बरोबर आहे, नाहीतर एकाच नंबराखाली दोन माणसांकडे दोन वेगळे माल. मग करायचं काय, तर यँक. यँक केलेली आवृत्ती नुसतं पिप इन्स्टॉल करणाऱ्याला मिळत नाही, पिप तिला सोडून आधीची घेतं, पण ज्यानं अगदी त्याच नंबरावर बोट ठेवून पिन करून ठेवलंय त्याचं चालू काम मोडत नाही. डिलीट केलं असतं तर त्याचंही मोडलं असतं. 2016 च्या मार्चमध्ये एनपीएमवर लेफ्ट-पॅड नावाचं 11 ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकानं काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड धडाधड पडले, ते प्रकरण आठवत असेल तर यँक काय मोलाचं आहे ते सांगायची गरज नाही. यँक करताना कारण लिहायला एक खाना आहे, तो कोरा नका ठेवू, पिप ते कारण वापरणाऱ्याला दाखवतं. आम्ही लिहिलं, ऱ्य बिघडतो, पुढची आवृत्ती घ्या. आणि पुढची आवृत्ती त्याच संध्याकाळी गेली, टॅग मारला, समोरून हो आलं, झालं. टोकन कुठं आहे, कोणत्या लॅपटॉपवर आहे, हा प्रश्नच आला नाही.

टेस्टपायपीआयबद्दलही थोडं. ती तालमीसाठीची वेगळी साइट आहे, अकाउंट वेगळं, पब्लिशरचा फॉर्मही तिथं वेगळा भरावा लागतो. रीडमी पानावर कसं दिसतं ते पाहायला उत्तम, आमच्या रीडमीत देवनागरी तक्ते आहेत म्हणून आम्हाला ते लागतंच. पण तिथून इन्स्टॉल करून पूर्ण तपासणी करायची म्हणाल तर तुमच्या पॅकेजला लागणारी बाकीची पॅकेजं तिथं असतील याची खात्री नसते, आणि असली तरी त्याच माणसाची असतील याची तर बिलकूलच नाही. त्यापेक्षा खऱ्या पायपीआयवर आरसी (रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे खऱ्या रिलीजआधीची चाचणीची) आवृत्ती टाका, नंबरच्या शेवटी आरसी1 लावून. पिप ती मागितल्याशिवाय कुणाला देत नाही, 'प्री' म्हणून सांगावं लागतं. आता आमचं आरसी आधी महालात जातं, काकांनी दोन पानं काढून पाहिली की मग खरी रिलीज.

आवृत्तीचा नंबर गिटच्या टॅगवरूनच काढायचा असेल (सेटअपटूल्स-एससीएम वापरून, आम्ही तेच करतो) तर चेकआउटच्या (कोड उतरवून घ्यायच्या) स्टेपमध्ये पूर्ण इतिहास आणायला सांगा, फेच-डेप्थ शून्य. गिटहबचा चेकआउट नुसता शेवटचा एकच कमिट (नोंदवलेला बदल) आणतो, टॅग येत नाहीत, आणि नंबर काहीतरी भलताच निघतो.

आता कापलेल्या अर्ध्या स्टारकडे येतो.

पहिली गोष्ट, हे चालतं ते ठरलेल्या सेवांवरच. सुरुवातीला फक्त गिटहब ॲक्शन्स (गिटहबची वर्कफ्लो चालवणारी सेवा) होतं, 2024 मध्ये गिटलॅब, गूगल क्लाउड आणि ॲक्टिव्हस्टेट आले. तुमचा स्वतःचा जेन्किन्स (बिल्ड करणारा सर्व्हर) ऑफिसातल्या कोपऱ्यात चालू असेल तर तुम्हाला टोकनच वापरावं लागतं. ओपन सोर्सचं काम करायचं आणि रिलीजसाठी दोनतीन मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं राहायचं, हे मला खटकतं. गिटहबवर रीयूजेबल वर्कफ्लो (अनेक रिपॉझिटरींत मिळून वापरायचा एकच वर्कफ्लो) वापरणाऱ्यांचीही अडचण आहे, पब्लिशची पायरी त्यात टाकली तर ओळखपत्र जुळत नाही, ती ज्या त्या रिपॉझिटरीतच ठेवावी लागते. पंधरा पॅकेजं सांभाळणाऱ्याला हे जाचक आहे.

दुसरी गोष्ट, यानं 'कुठून आलं' ते कळतं, 'काय आलं' ते नाही. 2024 चं एक्सझेडचं (लिनक्सवर फाईली दाबून लहान करायचं टूल) प्रकरण घ्या. त्या वेळी 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत बॅकडोअर (चोरवाट) निघाला, अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून संशय आला आणि त्यानं खणून काढलं. त्यातला एक कळीचा तुकडा गिटमध्ये नव्हताच, फक्त रिलीजच्या टार्बॉलमध्ये (फाईलींच्या गठ्ठ्यात) होता. टार्बॉल कुणाच्या तरी मशीनवर हातानं बनत असेल तर हे शक्य होतं. टॅगवरून मशीननं बनवलेली आणि तिथूनच वर गेलेली फाईल असेल तर निदान तो एक रस्ता बंद होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये पायपीआयनं अटेस्टेशन आणलं, ते याच कामाचं, फाईलीच्या पानावर दिसतं की ही अमुक कमिटवरून अमुक वर्कफ्लोनं बनवली, आणि ट्रस्टेड पब्लिशिंग असेल तर पायपीएची (पायथॉनची पॅकेजिंगची साधनं सांभाळणारा गट) अधिकृत ॲक्शन, म्हणजे वर्कफ्लोत लावायची तयार पायरी, ते आपोआप टाकते, तुम्हाला एक ओळ लिहायची नाही. पण एक्सझेडमध्ये कारस्थान करणारा स्वतःच मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणारा) होता, दोन वर्षं विश्वास कमावून बसलेला. त्याला कोणतं ओळखपत्र अडवणार?

तसंच तुमच्या वर्कफ्लोत दुसऱ्याच्या ॲक्शन असतात त्यांचं. मार्च 2025 मध्ये टीजे-ॲक्शन्सची चेंज्ड-फाईल्स नावाची लोकप्रिय ॲक्शन फोडली गेली, तिचे जुने टॅगसुद्धा वाईट कमिटकडे वळवले, आणि सीक्रेट्स लॉगमध्ये छापून आले. टॅगवर विसंबून राहू नका, कमिटचा पूर्ण हॅश लिहून पिन करा. दिसायला घाणेरडं दिसतं, पण करा. आम्ही तर पब्लिशच्या वर्कफ्लोतून चेकआउट, पायथॉन सेटअप, आर्टिफॅक्टची ने-आण आणि पायपीएची पब्लिश ॲक्शन सोडून बाकी सगळं काढूनच टाकलं.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या हिशोबानं सगळ्यात महत्त्वाची, की ट्रस्टेड पब्लिशिंग चालू केलं म्हणून जुने टोकन बंद होत नाहीत. ते जिथं होते तिथं जिवंतच राहतात. डिसेंबर 2024 मध्ये अल्ट्रालिटिक्सवर हल्ला झाला, ते फोटोतल्या वस्तू ओळखायचं फार वापरलं जाणारं पॅकेज. आधी गिटहब ॲक्शन्सच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) विष कालवून त्यांच्याच वर्कफ्लोतून 8.3.41 आणि 8.3.42 या आवृत्त्या गेल्या, आत क्रिप्टो मायनर. तिथं ट्रस्टेड पब्लिशिंग होतं, तरी गेल्या, कारण माल आतच बिघडला होता. त्या काढल्या, सगळ्यांनी श्वास सोडला, तर दोनेक दिवसांत 8.3.45 आणि 8.3.46 आल्या. या वेळी कॅश-बिश काही नाही, ट्रस्टेड पब्लिशिंगच्या आधीच्या काळातलं एक एपीआय टोकन वर्कफ्लोच्या हाताशी तसंच पडून राहिलं होतं, कुणी रद्द केलं नव्हतं, त्यानंच सरळ अपलोड. म्हणून फॉर्म भरून पहिली रिलीज नीट गेली की त्याच बैठकीत पायपीआयच्या अकाउंट सेटिंगमध्ये जा, टोकनची यादी असते, एकेक रिमूव्ह दाबा. मग गिटहबच्या सीक्रेट्समधलं काढा, मग लॅपटॉपवरची डॉट पायपीआयआरसी उडवा. आणि को-मेंटेनर असेल तर त्यालाही फोन लावा, कारण त्याच्या अकाउंटचे टोकन तुमच्या यादीत दिसत नाहीत, ते त्याचे त्यालाच काढावे लागतात.